टॅग मिळाला, जमीन कुठंय? कोलोराडोतल्या एका नवशिक्या शिकाऱ्याचे हंगाम

(हे प्रकरण खऱ्या घटनांवर आधारलेलं आहे. नाव बदललं आहे, जागा मुद्दाम ढोबळ ठेवल्या आहेत.)

पार्श्वभूमी

निखिल मूळचा सातारा जिल्ह्यातला, वय चौतीस, राहायला डेन्व्हरच्या उपनगरात, काम सॉफ्टवेअरचं. कॉलेजात असताना शनिवारी रात्रीच्या शेवटच्या एसटीनं घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावात उतरायचं, देवळात झोपायचं आणि पहाटे वाट शोधत सुटायचं, हा त्याचा नाद. सोंड कुठली, घळ कुठली, धार कुठं तुटते, हे त्याला नकाशावरच्या रेषांवरून कळतं. एवढं भांडवल घेऊन तो शिकारीत उतरला. बंदुकीचा अनुभव शून्य. आजोबांकडे पिकात घुसणारी डुकरं हाकायला ठासणीची बंदूक होती म्हणे, पण ती निखिलच्या जन्माआधीच जमा झाली होती. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हौशी शिकार संपली. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. अमेरिकन सहकाऱ्याला जे बापाबरोबर फिरून फुकट मिळतं, ते आपल्याला तिशीत, पैसे आणि रजा मोजून शिकावं लागतं.

ऑफिसातल्या एकानं त्याला डीप फ्रीजमधलं हरणाचं मांस दिलं, तिथून हे सुरू झालं. मी इथं बरीच वर्षं आहे आणि अकरा हंगाम फिरलोय (पहिले चार कोरडे), म्हणून त्यानं मला फोन केला. "दादा, एवढी सरकारी जमीन आहे. कुठं जायचं तेवढं सांग." मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, हसण्याऐवजी त्याच क्षणी नकाशा उघडायला सांगायला हवं होतं.

व्हिसाबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, कारण हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. निखिलला तोवर ग्रीन कार्ड मिळालं होतं. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. ज्याच्याकडे राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स आहे, त्याला अपवाद मिळतो. पण तुम्ही त्या अपवादावर उभे असाल तर आधी वकिलाशी बोला, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. तो मित्र मी असलो तरी.

जनावराचीही ओळख करून द्यायला हवी. म्यूल डिअर हे पश्चिम अमेरिकेचं हरीण. खेचरासारखे मोठे कान, म्हणून हे नाव. घाबरलं की चारही पाय एकदम टेकवत, स्प्रिंगवर बसवल्यासारखं उड्या मारत जातं. उन्हाळ्यात उंचावर राहतं आणि बर्फ पडायला लागलं की सेजब्रशच्या झुडपांनी भरलेल्या खालच्या उतारांवर येतं. ऑक्टोबरअखेर ते नेमकं कुठल्या उंचीवर असेल हे हवामान ठरवतं. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिला हंगाम: समस्या

टॅग म्हणजे एक जनावर मारायचा परवाना. कोलोराडोत १९९९पासून हरणाचा प्रत्येक टॅग ड्रॉमधूनच, म्हणजे सोडतीतूनच निघतो. राज्याचे शिकारीसाठी युनिट पाडलेले आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज भरायचा आणि त्यात चारपर्यंत पसंती द्यायच्या. पहिल्या पसंतीत नंबर लागला नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट जमा होतो, लागला तर जमलेले सगळे पॉइंट शून्यावर येतात. नामांकित युनिटमधला नर मिळवायला लोक वर्षानुवर्षं पॉइंट साठवतात.

निखिलनं २०२१ साली हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही कोलोराडोत तो करावाच लागतो. मग त्यानं ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं असं एक युनिट भरलं, तेही एकुलत्या एका पसंतीत. साहजिकच नंबर लागला नाही. ऑगस्टमध्ये उरलेले टॅग विक्रीला आले तेव्हा त्याला राज्याच्या पूर्वेकडच्या मैदानी भागातला एक टॅग मिळाला. "दादा, मिळाला! बरेच शिल्लक होते!" बरेच शिल्लक का होते, हे त्यानंही विचारलं नाही आणि मीही नाही.

कोलोराडोची साधारण ३६ टक्के जमीन संघराज्य सरकारची आहे, पण ती जवळजवळ सगळी पश्चिमेला, डोंगरात आहे. पूर्वेचा भाग गहू, मका आणि कुरणांचा, आणि तो बहुतांश खाजगी आहे. उरलेल्या टॅगांतल्या बऱ्याच टॅगांवर 'फक्त खाजगी जमिनीसाठी' असं छापलेलंच असतं. निखिलनं ते टाळले. त्याच्या टॅगवर तशी अट नव्हती. पण अट नव्हती म्हणून जमीन थोडीच येते!

चार दिवस तो मैलामैलावर काटकोनात छेदणाऱ्या कच्च्या रस्त्यांवरून गाडी फिरवत राहिला. हरणं दिसली, भरपूर दिसली. मक्याच्या कापलेल्या शेतात, तारेच्या पलीकडे, तीनशे यार्डांवर. दोन घरांची दारं ठोठावली. एकानं शेत शिकारीसाठी भाड्यानं दिलं होतं. दुसऱ्यानं नम्रपणे सांगितलं की नातवंडं येणार आहेत.

तिसऱ्या दिवशी त्याला नकाशावर एक निळा चौकोन दिसला: राज्याची जमीन. १८७६ साली कोलोराडो राज्य झालं तेव्हा प्रत्येक टाउनशिपमधले (मोजणीसाठी आखलेला सहा मैलांचा चौरस, त्यात मैलामैलाचे छत्तीस सेक्शन) सोळा आणि छत्तीस नंबरचे सेक्शन शाळांच्या उत्पन्नासाठी राज्याला मिळाले. त्यामुळे मैदानात असे निळे चौकोन अजूनही विखुरलेले आहेत. निखिल तार ओलांडून आत गेला. वीस मिनिटांत एक पिकअप आली. तिच्यातल्या म्हाताऱ्यानं आवाज न चढवता समजावलं की ही जमीन राज्याची असली तरी चराईसाठी त्याच्याकडे आहे आणि लोकांना खुली नाही. आपल्याला 'सरकारी' म्हणजे 'सगळ्यांची' असं वाटतं. इथं ते तसं नाही. शाळांसाठीच्या या जमिनींपैकी जेवढ्या वन्यजीव खात्याच्या योजनेत घेतलेल्या आहेत, तेवढ्याच शिकाऱ्यांना खुल्या असतात.

तारेवर पाटी नव्हती. कोलोराडोत ती असावीच लागते असं नाही. आपण कुणाच्या जमिनीवर उभे आहोत हे माहीत असणं शिकाऱ्याची जबाबदारी आहे. म्हाताऱ्यानं तक्रार केली असती तर पहिल्याच वर्षी प्रकरण अंगाशी आलं असतं.

हंगाम संपला. हाती आला तो फक्त पेट्रोलचा हिशोब.

कुठले पर्याय होते

डिसेंबरात आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो. निखिलनं एक्सेल शीट आणली होती. आपली माणसं!

एक वाट पैशाची: खाजगी रँचवर वाटाड्यासह शिकार. म्यूल डिअरच्या नरासाठी हा खर्च हजारो डॉलरांत जातो. त्यात जनावर मिळण्याची शक्यता मोठी, शिकण्याची लहान. दुसरा माणूस हरीण दाखवणार, तुम्ही ट्रिगर ओढणार. ही वाट आम्ही पाच मिनिटांत सोडली.

दुसरी वाट थांबण्याची. पॉइंट साठवायचे आणि पाच-सात वर्षांनी चांगल्या युनिटमध्ये जायचं. बहुतेक अनुभवी लोक हाच सल्ला देतात आणि त्यांच्यासाठी तो बरोबरही आहे. पण ज्यानं आजवर एकही हरीण सोललेलं नाही, त्यानं सात वर्षं थांबून सर्वोत्तम युनिटमध्ये पहिलंवहिलं पाऊल ठेवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. मॅटवरची पहिली प्रॅक्टिस कुणी अंतिम कुस्तीत करतं का?

तिसरी वाट दुसऱ्या राज्यांची, आयडाहो किंवा वायोमिंगची. पण बाहेरच्यांसाठी टॅग मर्यादित, फी कित्येक पट, आणि लांबच्या ड्राइव्हमुळे आधी वारंवार जाऊन पाहणं कठीण. पहिल्या वर्षाचं दुखणं नेमकं तेच होतं.

चौथी वाट मादीच्या टॅगची: डेन्व्हरपासून दोनेक तासांवर, सार्वजनिक जमीन भरपूर असलेल्या युनिटमध्ये. शिंगं नाहीत, फोटो नाही, ऑफिसात सांगायला काही नाही. पण टॅग तुलनेनं सहज मिळतो आणि उन्हाळाभर शनिवार-रविवार जाऊन डोंगर पाहता येतो.

इथं एक खुबी आहे, नवख्या माणसाला ती क्वचितच कुणी सांगतं. पहिल्या पसंतीत टॅगऐवजी फक्त पॉइंटचा कोड भरायचा आणि हवा तो मादीचा टॅग दुसऱ्या पसंतीत. दुसऱ्या पसंतीत नंबर लागला तर पॉइंट खर्च होत नाहीत. त्यामुळे थांबण्याची वाट आणि फिरण्याची वाट एकाच वेळी चालता येते. अर्जाआधी एक पात्रतेचं लायसन्स, म्हणजे स्प्रिंग टर्की किंवा लहान प्राण्यांचं वगैरे, विकत घ्यावं लागतं. ते विसरलं तर सगळं मुसळ केरात.

निर्णय जवळजवळ झाला होता, पण निखिल अडला तो व्हिडिओ कॉलवर आईनं विचारलेल्या एका वाक्यावर: "अरे, मादी मारणार? गाभण असली तर?"

हा प्रश्न टिंगलीवारी नेण्यासारखा नव्हता. त्यानं माहिती काढली. म्यूल डिअरचा माजाचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरात जातो. पाडसं जूनच्या आसपास जन्मतात. ऑक्टोबरअखेर मादी गाभण नसते आणि पाडस चरू लागलेलं असतं. किती माद्यांचे टॅग काढायचे हे खातं कळपाची संख्या पाहून ठरवतं. आईचं समाधान पूर्ण झालं नाही. निखिलचं झालं, पण त्यानं स्वतःपुरता एक नियम केला: पाडसं बरोबर असतील तर गोळी नाही. कायद्यात असा नियम नाही आणि मी तो पाळत नाही. तरी मी वाद घातला नाही.

काय केलं: नकाशा, फोन आणि पाय

त्यानं मिडल पार्क निवडलं. क्रेमलिंग गावाच्या आसपासचा, कोलोराडो नदीच्या वरच्या अंगाचा हा प्रदेश. नदीकाठची गवताची कुरणं खाजगी, त्यावरच्या सेजब्रशच्या टेकड्या बऱ्याचशा बीएलएमच्या, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघराज्याच्या जमीन खात्याच्या, आणि त्याहून वर ॲस्पेन आणि पाइनचं राष्ट्रीय वन. नकाशावर बीएलएम पिवळं, वन हिरवं, राज्य निळं, खाजगी पांढरं. मार्चमध्ये त्यानं मला स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा त्यात चौदा पिवळे-हिरवे तुकडे गोल करून ठेवले होते.

मी त्याला एकच काम दिलं: प्रत्येक तुकड्यापुढं लिही, गाडीतून उतरून पहिलं पाऊल टाकशील ते कुणाच्या जमिनीवर पडेल?

आठवड्याभरात चौदाचे सहा झाले. काही तुकड्यांना चारही बाजूंनी खाजगी जमिनीनं वेढलं होतं. पश्चिमेतल्या तेरा राज्यांत संघराज्याची अशी कोंडलेली जमीन सुमारे ९५ लाख एकर असल्याचं २०१८च्या एका पाहणीत निघालं होतं. नकाशावर ती इतर पिवळ्यासारखीच पिवळी दिसते. काही तुकड्यांपर्यंत जाणारा रस्ता काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा नव्हता, रँचचा होता. ॲपमध्ये रस्त्याची रेघ असते, ती कुणाची हे ॲप नेहमी सांगत नाही. त्यानं काउंटीच्या रस्ते विभागाला फोन लावून रस्त्यांचे नंबर पडताळले. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात मोलाचंही. राष्ट्रीय वनात कुठल्या रस्त्यावर कधी गाडी न्यायची मुभा आहे याचा वेगळा नकाशा निघतो, तोही त्यानं छापून घेतला.

एक जागा मात्र त्याला सोडवेना. बीएलएमचे दोन चौकोन फक्त कोपऱ्याला कोपरा लागलेले. अलीकडच्या चौकोनात काउंटी रस्त्यावरून जाता येत होतं आणि पलीकडच्यात अप्रतिम घळ होती. दोन्हींच्या मधे होता फक्त एक बिंदू. पाऊल जमिनीवर टेकलं नाही तरी शरीर खाजगी जमिनीवरच्या हवेतून जातं, मग ते अतिक्रमण होतं का? २०२१ साली मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी वायोमिंगमधल्या एल्क माउंटनजवळ असा कोपरा चक्क शिडी लावून ओलांडला होता आणि त्यावर खटला सुरू होता. "निकाल लागू दे," मी म्हटलं. निखिलनं ती जागा खोडली नाही, पेन्सिलनं कंस केला.

जुलैमध्ये मादीचा टॅग हातात होता. मग त्यानं वन्यजीव खात्याच्या त्या भागातल्या अधिकाऱ्याला फोन केला. पहिला फोन फसला, कारण त्यानं विचारलं, "हरणं कुठं असतात?" उत्तर आलं, "डोंगरात." दुसऱ्या फोनसाठी आम्ही प्रश्न लिहून काढले. दुसऱ्या रायफल हंगामात, बर्फ पडलं नसेल तर माद्या कुठल्या उंचीच्या पट्ट्यात असतात? कुठल्या वाटेच्या तोंडाशी गाड्यांची गर्दी होते? यंदा कुठलं पाणी आटलंय? या वेळी तोच माणूस वीस मिनिटं बोलला. तुम्ही घरचा अभ्यास केलाय हे दिसलं की ही माणसं हात राखून बोलत नाहीत.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो पाच वेळा गेला. सहापैकी एका वाटेवर कुलूप लावलेलं फाटक निघालं. दुसऱ्या जागी हरणांपेक्षा गाईच जास्त होत्या. उरल्या चार. इथं त्याची सह्याद्रीतली नजर कामाला आली. उत्तरेकडच्या उताराला झाडी दाट, दिवसा बसायची जागा ती. दक्षिणेकडचे उतार उघडे, चरायचे. दोन्हींच्या मधल्या खिंडीत खुरांनी घोटलेली पायवाट आणि ताज्या लेंड्या. सकाळी थंड हवा उतारावरून खाली सरकते, उन्हं वर आली की वारा उलटा चढू लागतो. म्हणून पहाटे वरून येऊ नये, नाहीतर तुमचा वास तुमच्या आधी खाली पोचतो. ट्रायपॉडवर दुर्बीण लावून समोरचा डोंगर ऊ शोधावी तसा विंचरायचा, हे मात्र त्याला शिकावं लागलं. ट्रेकिंग करणाऱ्याला एका जागी दोन तास बसवत नाही.

हंगाम: निर्णयाचे क्षण

ऑक्टोबरअखेरचा शनिवार, पहाटे साडेचार. त्याच्या पहिल्या क्रमांकाच्या वाटेवर गाड्या लावायला जागा नव्हती. त्यानं चौदा ट्रक मोजले. उजाडल्यावर हरणांऐवजी नारिंगी जाकिटं दिसू लागली. रायफल हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच नारिंगी किंवा गुलाबी आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची असते, त्यामुळे गर्दी लपत नाही.

चूक इथं हिशोबाची होती आणि ती माझीही होती. आम्ही हरणांचे टॅग किती हे पाहून गर्दीचा अंदाज बांधला होता. पण त्याच हंगामात एल्कचे, म्हणजे मोठ्या जातीच्या हरणाचे, टॅग राज्याच्या बऱ्याच भागांत ड्रॉशिवाय, सरळ दुकानात मिळत. ती माणसं त्याच वाटांनी येतात. हे मला अकरा हंगामांनंतर ठाऊक असायला हवं होतं आणि होतंही. सांगायचं राहिलं.

दुपारी दोन पर्याय होते. तिथंच आणखी आत घुसायचं, किंवा जागा बदलून चौथ्या क्रमांकाच्या, दिसायला साध्या टेकडीकडे जायचं. तिच्यापर्यंत नीट वाट नव्हती, दोन मैल सेजब्रशमधून चढायचं होतं आणि वर पाण्याचं डबकं. त्यानं जागा बदलली. माझ्या मते सगळ्या हंगामातला सर्वांत चांगला निर्णय हा.

रविवारी तिथं दुसरा माणूस नव्हता. सकाळी नऊला एक मादी १८० यार्डांवर आडवी उभी, मागून दोन पाडसं. त्यानं रायफल उचललीच नाही. संध्याकाळी मला फोनवर हे सांगताना आवाजात पश्चात्ताप नव्हता, थोडी चिडचिड होती.

सोमवारी रात्री बर्फ पडलं. बहुतेक लोक तोवर घरी गेले होते. निखिलनं रजा आठवड्याच्या मधे ठेवली होती, ती यासाठीच. बुधवारी वरच्या ॲस्पेनमधून हरणं ओळीनं खाली उतरताना दिसली. सकाळचा कळप वाऱ्यानं बिघडवला. संध्याकाळी पाच वीसला, १३० यार्डांवर, एकटी मादी. सूर्यास्त सहाच्या सुमाराला होता आणि त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी चालवायची कायदेशीर मुभा. त्यानं बसून, काठ्यांचा आधार घेऊन एक गोळी मारली. मादी साठेक यार्ड पळाली आणि झाडीत पडली. बर्फावर रक्ताचा माग स्वच्छ होता.

मग अंधार पडला आणि खरं काम सुरू झालं. हेडलॅम्पच्या उजेडात पहिल्यांदाच एकट्यानं जनावर सोलायचं. टॅग सही करून बांधला. मांस कापताना मादी असल्याची खूण मांसाच्या एका भागाला नैसर्गिकपणे जोडलेली ठेवावी लागते, ते त्याच्या लक्षात होतं. पण बोटं बधिर झाली होती आणि एकदा सुरी नको तिथं जाता जाता राहिली. हाडं काढून मांस साधारण ४५ पौंड भरलं. पाठीवरची पिशवी तेवढ्यासाठी बनलेली नव्हती. त्यानं अर्धं मांस कापडी पिशव्यांत घालून झाडाला उंच टांगलं आणि अर्धं घेऊन निघाला. गाडीपाशी पोचायला पावणेदहा वाजले. फोनला रेंज नव्हती. सॅटेलाइट यंत्रावरून बायकोला तीन शब्द गेले: 'ठीक आहे. उशीर.' ती त्याआधीचे दोन तास काय करत होती, ते तिनं मला नंतर सांगितलं. इथं लिहीत नाही.

गुरुवारी सकाळी तो उरलेलं मांस आणायला पुन्हा चढला आणि खाली आल्यावर आठवलं की डोकं वरच राहिलं. तिसरी फेरी. डोकं हवं होतं तपासणीसाठी. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा आजार पहिल्यांदा १९६७ साली कोलोराडोतच, बंदिस्त म्यूल डिअरमध्ये आढळला, आणि मिडल पार्कातही तो आहे. बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. नमुना देऊन निकाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवलं.

निष्पत्ती

तपासणीत आजार आढळला नाही. मांसाची चरबी काढावी लागते, ती टाळूला मेणासारखी चिकटते. चरबी काढल्यावर पाठीचा भाग फक्त तव्यावर आणि खांदा कुकरमध्ये, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात. आई भेटीला आली तेव्हा तिनं रस्सा चाखला, फोड घेतली नाही.

२०२३ साली त्याला त्याच भागातला टॅग दुसऱ्या पसंतीत मिळाला नाही. उरलेल्या टॅगांच्या यादीत मैदानी भागातले टॅग पुन्हा होते. या वेळी त्यानं यादी बंद केली आणि टॅग नसताना, नुसती दुर्बीण घेऊन त्याच टेकडीवर चार दिवस बसला. पॉइंट शाबूत आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

बुधवारी संध्याकाळची गोळी. ती अचूक होती, कायदेशीर होती, आणि माझ्या मते मारायला नको होती. एकटा माणूस, पहिलं जनावर, गाडी दोन मैलांवर, पाऊण तासात काळोख. मादी साठऐवजी सहाशे यार्ड गेली असती तर? निखिलला हे मान्य नाही. तो म्हणतो, चार दिवस थांबून तो क्षण आला होता, सोडला असता तर पुन्हा आला असता कशावरून? दोघांचंही बरोबर असेल. पण आता तो दुपारी तीननंतर गाडीपासून मैलापलीकडे एकटा जात नाही, हेही खरं.

सामानाची चूक साधी होती आणि तीच सगळ्यात महागात पडली. त्यानं रायफल आणि दुर्बिणीवर महिने घालवले, पण ओझं वाहायची पिशवी ट्रेकिंगचीच नेली. सेजब्रशच्या उतारावरून दोन मैल वीस-पंचवीस पौंड ओझं घेऊन अंधारात उतरणं, हे उन्हाळ्यात एकदा वाळूची पोती घेऊन करून पाहता आलं असतं. बायकोला निघण्याआधी नकाशावरची जागा आणि 'इतक्या वाजेपर्यंत निरोप नाही आला तर अमुक कर' एवढं लिहून देता आलं असतं.

पहिल्या वर्षाचा दोष मी निम्मा माझ्याकडे घेतो. नवख्याला टॅग मिळाला की आपण अभिनंदन करतो. टॅग काढण्याआधी त्या युनिटमधली किती टक्के जमीन पायाखाली येण्यासारखी आहे, हे मोजायला दहा मिनिटं लागतात. जिथं टॅग शिल्लक राहतात तिथं बहुधा जमीन मिळत नाही. जिथं जमीन मिळते तिथं माणसं असतात. म्हणून एका चांगल्या जागेऐवजी चार साधारण जागा पाहून ठेवणं त्याच्या कामी आलं, आणि त्यातही शेवटची, जिच्याकडे वाट नव्हती, ती.

पेन्सिलच्या कंसातली जागा राहिली. मार्च २०२५मध्ये संघराज्याच्या दहाव्या सर्किट अपील न्यायालयानं वायोमिंगच्या त्या चौघांच्या बाजूनं निकाल दिला. खाजगी जमिनीला स्पर्श न करता सार्वजनिक जमिनीच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्यात जाणं रोखता येणार नाही, असं १८८५च्या एका कायद्याच्या आधारानं ठरलं. कोलोराडो त्याच न्यायालयाच्या कक्षेत येतं. पुढं ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानंही अपील ऐकायला नकार दिला. निखिलनं मात्र तोवर वाट पाहिली नाही. सप्टेंबरमध्येच तो अलीकडच्या चौकोनातून कोपऱ्याशी गेला. वायोमिंगच्या त्या कोपऱ्यावर मोजणीची खूण होती. इथं फोनवरचा निळा ठिपका चालताना चार-पाच मीटर इकडेतिकडे सरकत होता आणि सेजब्रशमध्ये तासभर शोधूनही मोजणीची पितळी टोपी सापडेना. समोर शंभर पावलांवर घळीचं तोंड दिसत होतं. त्यानं फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं, "कोपरा हाच असावा." मी विचारलं, "असावा की आहे?" त्यानं उत्तर दिलं नाही. संध्याकाळी फोन आला तेव्हा तो क्रेमलिंगमध्ये पेट्रोल भरत होता.